पराचा कावळा

हातमोजे काळे होते, एवढ्यावर आमचं एकमत आहे. बाकी त्या पाऊण तासाबद्दल ताईचं आणि माझं कशावरच पटत नाही. वाद इतका मुरलाय की तिने फोनवर नुसतं "काल परत बघितला," म्हटलं तरी काय बघितला हे मला विचारावं लागत नाही. मी खुर्ची ओढून बसतो. अर्ध्या तासाची निश्चिंती.

तो भाग म्हणजे 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर'च्या चौथ्या सीझनमधला 'लिव्हिंग विटनेस'. २९ एप्रिल १९९८ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. व्हॉयेजर नावाचं एक यान आकाशगंगेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडलंय, घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब. कॅप्टन कॅथरिन जेनवे आपल्या माणसांना घेऊन परत निघाली आहे, आणि १९९५ ते २००१ असे सात सीझन ती निघालेलीच आहे. वाटेत काय वाट्टेल ते होवो, तत्त्वं सोडायची नाहीत, हा बाईंचा बाणा.

या भागाच्या पहिल्याच दृश्यात मात्र हीच बाई काळे हातमोजे घालून आपल्याला ऐकवते की बोलणी फसली की उरते ती हिंसा, आणि बळ वापरताना माफी मागत बसायचं नसतं. तिच्या शेजारच्या, तिचा उजवा हात असलेल्या चकोटेच्या कपाळावरचं गोंदण अर्ध्या चेहऱ्यावर पसरलंय. कधी न हसणारा टुव्हॉक चक्क हसतोय. बिचारा हॅरी किम, जो सात वर्षांत एन्साइनचा लेफ्टनंट झाला नाही, तो कैद्याला बडवतोय. डॉक्टर, जो मुळात प्रकाशाचा, म्हणजे होलोग्राम, तो इथे यंत्रमानव झालाय. सेव्हन, म्हणजे पूर्वी बोर्ग नावाच्या अर्धयंत्र जमातीत असलेली बाई, तिच्या हाताखाली बोर्ग सैनिकांची फौज आहे.

मग कॅमेरा मागे येतो आणि कळतं, हे संग्रहालय आहे. सातशे वर्षं उलटून गेलीत. कायरियन नावाच्या लोकांनी 'युद्धनौका व्हॉयेजर'चा देखावा उभा केलाय, आणि क्वॉरन नावाचा एक सज्जन अभ्यासक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोय की याच यानाने आमचा हुतात्मा टेड्रन याला मारलं, आमच्या शत्रूंना, म्हणजे व्हास्कन लोकांना, हाताशी धरलं, आणि तिथून आमच्या नशिबी गुलामी आली.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोठ्याने हसलो होतो. निदान असं मला आठवतं. या "निदान"कडे नंतर येतो.

माझं म्हणणं पहिल्यापासून सरळ आहे. हा भाग पराचा कावळा कसा होतो ते दाखवतो. जेनवे भली, तिच्यावर इतिहासाने अन्याय केला, सातशे वर्षांनी डॉक्टरची साठवून ठेवलेली प्रत जागी झाली आणि तिने खरं काय ते सांगितलं. व्हॉयेजर तिथे औषधं देऊन डायलिथियम, म्हणजे यानाच्या इंजिनाला लागणारं खनिज, घ्यायला आलं होतं. हल्ला कायरियनांनी केला. टेड्रन शरण आला होता, आणि त्याला गोळी घातली ती जेनवेने नव्हे, व्हास्कन राजदूताने. संपलं.

ताई म्हणते, "अरे, पराचा कावळा करायला आधी पर लागतो की नाही? तो कुठून आला ते सांग."

तिने ही म्हण अशी उलटी करून माझ्या अंगावर फेकली त्याला बरीच वर्षं झाली. मला अजून धड उत्तर सुचलेलं नाही. तिच्या बोलण्यात तथ्य आहे हे मी तिच्यापुढे कबूल करत नाही, पण इथे करतो. कायरियनांनी शून्यातून काहीच बनवलेलं नाही. यानावर एक बोर्ग बाई खरंच होती; तिची त्यांनी फौज केली. चकोटेच्या कपाळावर गोंदण होतंच. त्यांनी ते गालापर्यंत ओढलं. डॉक्टर माणूस नव्हता हे खरंच होतं. कसा नव्हता एवढंच चुकलं. टुव्हॉक भावना दाखवत नाही, तेव्हा आत काय चाललं असेल याचा त्यांनी आपल्या परीने अंदाज केला. ज्याचं घर जळलंय त्याने आग लावणाऱ्याचं चित्र काढलं तर ते असंच निघणार. रेषा ओळखीच्या, दाब जास्त.

आणि जेनवे? तिचं काय मोठं करून दाखवलं? तिचा निश्चय. बास. निश्चयाला काळे हातमोजे घातले.

इथे ताई 'टुव्हिक्स' बाहेर काढते. तिचा हुकमाचा पत्ता. १९९६ च्या व्हॉयेजरच्याच त्या भागात ट्रान्सपोर्टरच्या, म्हणजे माणसाला क्षणात इकडून तिकडे पोचवणाऱ्या यंत्राच्या, गोंधळात टुव्हॉक आणि नीलिक्स ही दोन माणसं मिसळून तिसराच एक माणूस तयार होतो. त्याला दोघांच्याही आठवणी, पण तो त्या दोघांपैकी कुणीच नाही. काही आठवडे तो यानावर राहतो, काम करतो, लोकांना आवडायला लागतो. मग त्याला पुन्हा वेगळं करायची युक्ती सापडते. त्याला ते नको असतं, कारण त्यात तो मरणार. तो ब्रिजवर, यानाच्या नियंत्रणकक्षात, एकेकापाशी जाऊन जीव वाचवा म्हणतो. कुणी तोंड उघडत नाही. डॉक्टर सांगतो की इच्छेविरुद्ध कुणाचा जीव घेणं माझ्या शपथेत बसत नाही. तेव्हा जेनवे स्वतः पुढे होते आणि बटण दाबते. दोन मित्र परत येतात. ती एकटीच खोलीबाहेर पडते, आणि शेवटी दिसतो तो तिचा चेहरा.

"त्या दिवशी हातमोजे नव्हते तिच्या हातात," ताई म्हणते. "एवढाच फरक."

मी म्हणतो, दोन जीव वाचले. ती म्हणते, एक गेला. मी म्हणतो, चेहरा बघ तिचा. ती म्हणते, चेहरा आपल्याला दिसला; कायरियनांना कुठे दिसला? मग मी आवाज चढवतो, कारण मुद्दे संपलेले असतात.

अशा वादात एक टप्पा असा येतो की दोघांनाही बोलायचा कंटाळा येतो आणि मालिकेतल्या चुका काढणं सुरू होतं. 'लिव्हिंग विटनेस'मध्ये त्यासाठी एक भोक तयारच आहे, आणि चाहते गेली कित्येक वर्षं त्यात बोट घालून बसलेत. डॉक्टरची साठवलेली प्रत आली कुठून? त्याच सीझनमध्ये, जेमतेम तीन महिने आधी, 'मेसेज इन अ बॉटल' नावाचा भाग होऊन गेला होता. त्यात डॉक्टरला लांबच्या एका यानावर पाठवतात आणि इकडे सगळ्यांची तारांबळ उडते, कारण त्याची दुसरी प्रत नाही. किम आणि यान चालवणारा पॅरिस मिळून नवा डॉक्टर बनवायला बसतात, तर तो उभा राहून शरीरशास्त्राचं पुस्तक पाठ म्हणायला लागतो. मग तीन महिन्यांत प्रत कशी आली? यावर मी एक लांबलचक खुलासा तयार ठेवला होता. ताईने तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाली, "गोष्टीला गरज होती म्हणून आली." हे तिचं उत्तर मला मनापासून पटलं. दोन्ही बाजूंना पटलेली अशी ही बहुधा एकमेव गोष्ट. हातमोज्यांचा रंग सोडून.

वाकड्या पात्रांचे भाग 'स्टार ट्रेक'च्या मालिकांत काही नवे नाहीत. सगळ्यांचा मूळपुरुष पहिल्या मालिकेतला 'मिरर, मिरर', ६ ऑक्टोबर १९६७ चा, जेरोम बिक्स्बीने लिहिलेला. त्या मालिकेतला कॅप्टन कर्क आणि त्याचे सहकारी मॅकॉय, स्कॉटी आणि उहुरा वादळात सापडून भलत्याच विश्वात पोचतात. तिथे संघराज्याच्या जागी साम्राज्य आहे, वरच्याला मारून बढती मिळते, चूक झाली की वेदना देणारं यंत्र अंगाला लावतात. सुलूच्या गालावर वण आहे आणि स्पॉकला दाढी. ती दाढी इतकी गाजली की पुढे कुठल्याही मालिकेत कुणाचा दुष्ट जुळा आला की आधी त्याच्या हनुवटीला केस उगवले. एका माणसाच्या हनुवटीने एवढं मोठं काम दुसरीकडे कुठे केल्याचं मला माहीत नाही.

या आरशातल्या विश्वावर चाहत्यांचा पेटंट आक्षेप असा, की जिथे माणसं एकमेकांचे गळे कापत मोठी होतात, तिथे नेमके या सगळ्यांचे आईबाप जगले, भेटले, त्यांना हीच मुलं झाली आणि ती मुलं त्याच यानावर त्याच खुर्च्यांत येऊन बसली? हिशोब बसतच नाही. बरोबर आहे. पण गंमत हिशोबात नाहीच. मला त्या भागात थांबवतो तो स्पॉक. सगळे बदललेत, आणि हा दाढीचा माणूस मात्र तसाच आहे: शांत, तर्काला धरून चालणारा, दिलेला शब्द पाळणारा. फक्त वाईट लोकांच्या नोकरीत आहे. म्हणून तर जाता जाता कर्क त्याला घाईघाईत पटवू पाहतो की हे साम्राज्य टिकणार नाही, तू बदल घडव; आणि तो म्हणतो, मी विचार करेन. बाकीच्यांशी असं बोलायचं कर्कच्या मनातही आलं नसतं.

माझ्या मते वाकड्या पात्राची खरी परीक्षा इथेच होते. किती बदललं हे कुणीही मोजेल. काय बदललं नाही ते बघायचं. या परीक्षेत २००५ चा 'एंटरप्राइज'मधला 'इन अ मिरर, डार्कली' मला नापास वाटतो. मजा भरपूर, सुरुवातीचं शीर्षकगीत काढून तिथे युद्धाची दृश्यं घातली, ती कल्पना झकास, पण त्यातल्या माणसांना सोलून पाहिलं तर आत दुसरं काही नाही. सालच साल. याउलट १९९४ मध्ये 'डीप स्पेस नाइन'ने 'क्रॉसओव्हर'मध्ये विचारलं की त्या स्पॉकने खरंच विचार केला असेल तर? त्याने केला. साम्राज्य सुधारलं, शस्त्रं खाली ठेवली, आणि टपून बसलेल्या क्लिंगन आणि कार्डेशियन लोकांनी ते गिळलं. माणसं गुलाम झाली. कर्कच्या भाषणाचं फळ. अनेक चाहत्यांना हा कर्कचा अपमान वाटतो. मला त्या दोन मालिकांतलं ते सगळ्यात प्रौढ संभाषण वाटतं, मधे सत्तावीस वर्षं गेली तरी.

ताईला आरशाचे भाग आवडत नाहीत. "आरसा सोयीचा असतो रे," ती म्हणते. "दुष्ट ते तिकडचे. आपण इकडचे. परत आलो की दार बंद." 'लिव्हिंग विटनेस'मध्ये तिकडचं विश्वच नाही. वाईट जेनवे दुसरी कुणी नाही. ती हीच आहे, दुसऱ्याने पाहिलेली. तिच्याकडून पळून जायला ट्रान्सपोर्टर नाही.

हे ती बोलली तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "पण डॉक्टरने खरं सांगितलं ना शेवटी?"

आणि तिथून खरा घोळ सुरू झाला. ती म्हणाली, नीट बघ. मी बघितला. त्या रात्री एकट्याने, थांबवून थांबवून. आणि मला जे दिसलं ते इतक्या वेळा पाहूनही दिसलं नव्हतं.

सातशे वर्षांपूर्वी त्या यानावर प्रत्यक्ष काय घडलं हे आपल्याला एकदाही दाखवलेलं नाही. पहिला देखावा कायरियनांचा. दुसरा डॉक्टरने बनवलेला, तोही देखावाच. त्यात सगळे आपले लोक गुणी, नम्र, समजूतदार आहेत, जसे आपल्याला आवडतात तसे. आपण तो लगेच खरा मानतो. का? तर चार सीझन आपण त्याच्या बाजूने बसलोय. आपला तो बाब्या. संग्रहालयातल्या कायरियन बाई शंका घेतात की हा तर त्यांच्याच यानावरचा, हा त्यांच्याच बाजूने बोलणार. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, दुसरं काय म्हणाव्या बिचाऱ्या?

नेहमीचे जवळजवळ सगळे कलाकार या भागात आहेत, आणि त्यांनी वठवलेली मूळ माणसं एकही नाहीत. जेनवे देखाव्यातली, किम देखाव्यातला, टुव्हॉक देखाव्यातला. डॉक्टर तेवढा बोलतो, चिडतो, हळहळतो. पण तोही प्रत. मूळ डॉक्टर यानाबरोबर कधीच पुढे निघून गेलाय. (दिग्दर्शन टिम रसचं, म्हणजे टुव्हॉकचंच. व्हॉयेजरचा त्याने दिग्दर्शित केलेला हा एकमेव भाग. स्वतःला हसायला लावून दिग्दर्शन करायची संधी त्याने सोडली नाही.)

शेवट तर त्याहून. डॉक्टरच्या साक्षीने दोन्ही जमातींत दंगल पेटते, संग्रहालय फोडतात. डॉक्टर म्हणतो, जाऊ दे, माझ्यामुळे माणसं मरणार असतील तर मला पुसून टाका, माझं म्हणणं खोटं ठरवा. क्वॉरन, ज्याचं सगळं आयुष्य त्या खोट्या देखाव्यावर उभं होतं, तोच नाही म्हणतो. दोघं ढिगाऱ्यात वाकून पुरावा शोधतात, डॉक्टरचं ते हातात मावणारं वैद्यकीय यंत्र. आणि कॅमेरा पुन्हा मागे येतो. हाही देखावाच. आणखी कितीतरी काळ लोटलाय, लोक उभे राहून पाहताहेत, आणि मार्गदर्शक सांगतोय की त्यानंतर सहा वर्षांनी क्वॉरन गेला, पण सलोख्याची पहाट बघून गेला; डॉक्टर बरीच वर्षं इथे वैद्यकीय पदावर राहिला आणि मग घराच्या ओढीने एक छोटं यान घेऊन व्हॉयेजरच्या वाटेने निघून गेला.

म्हणजे डॉक्टर आणि क्वॉरन यांची जी मैत्री पाहून माझे डोळे ओले झाले होते, तीसुद्धा कुणीतरी नंतर रचलेली. क्वॉरन खरोखर इतका सज्जन होता? की एक झालेल्या लोकांना असा क्वॉरन हवा होता? ज्या लोकांनी एकदा हातमोजे चढवले, त्यांनीच आता ते उतरवले, एवढंच आपल्याला नक्की म्हणता येतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन केला आणि म्हणालो की तुझं बरोबर होतं, हा भाग मला तेव्हाच आवडला होता, पण आता तर फारच. ती म्हणाली, "तेव्हा आवडला होता? तुला?"

"हो. तू वैतागून उठून गेलीस, दार आपटून. मी शेवटपर्यंत बघितला."

पलीकडे जरा शांतता. मग ती म्हणाली की दार आपटून गेला होतास तू. आणि हे की तेव्हा जेनवेची बाजू ती घेत होती.

मी हसलो. वर्षानुवर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत आलोय: जेनवेला खलनायिका म्हणणारी माझी मावसबहीण आणि तिचा बचाव करणारा मी. दार आपटण्याचा आवाजसुद्धा मी काढून दाखवतो. ताई म्हणाली, वही आहे माझ्याकडे.

वही खरंच निघाली. आम्ही दोघं तेव्हा प्रत्येक भागाला दहापैकी गुण द्यायचो, एका जुन्या शाळेच्या वहीत, उरलेल्या कोऱ्या पानांवर. पुढच्या वेळी भेटलो तेव्हा तिने ती समोर ठेवली. पानांच्या कडा पिवळ्या, पेन्सिल पुसट झालेली. 'लिव्हिंग विटनेस' सापडायला वेळ लागला, कारण नाव मराठीत, तेही चुकीचं लिहिलेलं होतं. माझ्या नावापुढे ४. तिच्या नावापुढे ९.

चार का दिले असतील मी? आठवत नाही. हसलो होतो म्हणून? की जेनवेची अशी टिंगल सहन झाली नाही म्हणून? दुसरं कारण असेल तर बाजू घेणारा मीच ठरतो, असं मी लगेच मांडून बघितलं. ताई म्हणाली, "वकील हो तू."

त्या आकड्यांच्या खाली मात्र एक ओळ होती, जी आम्हा दोघांनाही आठवत नव्हती. तीनच शब्द, पेन्सिलने, जोर देऊन: 'हीच खरी जेनवे'.

"हे तू लिहिलंस," मी म्हणालो.

"मी? अरे, माझा ख असा नाहीच. हा बघ, खाली जोडलेला नाहीये, र आणि व सुटे पडलेत. तू असाच काढायचास, रवा लिहिल्यासारखा. त्यावरून बोलणीही खाल्ली होतीस."

"मी नाही. तू."

तिने पर्समधून पेन काढलं, वहीच्या कडेला एक ख काढला आणि पेन माझ्या हातात दिलं. मीही काढला, नेहमी काढतो तसा, फार विचार न करता. मग वही उजेडाकडे तिरकी धरून आम्ही तिन्ही ख बघत बसलो. आमचे दोघांचे आता हुबेहूब एकसारखे होते, खाली नीट जोडलेले. वहीतला दोघांचाही नव्हता.

"परत काढ," ताई म्हणाली. "आणि या वेळी लहानपणी काढायचास तसा."